मालगुडी बघायला अरसाळूला

दिवस पहिला : कोल्हापूर ते शिमोगा

मालगुडी नावाचं गाव भारताच्या नकाशावर नाही. आर. के. नारायण यांनी ते १९३० साली मनात वसवलं, १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीतून लोकांसमोर आणलं आणि पुढं जन्मभर त्याच गावातल्या माणसांच्या गोष्टी सांगत राहिले. पण ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही होता, किंवा टीव्ही असलेला शेजारी होता, त्यांनी हे गाव डोळ्यांनी पाहिलंय. दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागायची. कौलारू घरं, मोठी ओटी, शेंडीवाले आजोबा, टोपी घालून शाळेला निघालेला स्वामी, आणि एक चिमुकलं स्टेशन. सुरुवातीचं ते ‘ताना ना ताना नाना ना’ अजून कुणी गुणगुणलं की आमच्या पिढीतली चार डोकी हमखास वळतात.

हे दिसलेलं गाव सापडतं. ते कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात आहे, तेही दोन ठिकाणी विखुरलेलं: स्टेशन अरसाळूला आणि घर-रस्ते आगुंब्याला. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, निवृत्त झाल्या झाल्या जाहीर केलं की पहिली सहल तिकडं. गाडी माझी, पेट्रोल तिचं, असा करार झाला.

कोल्हापूर ते शिमोगा रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हायवे चांगला आहे. धारवाडला पेढे घेतले नाहीत तर पाप लागतं अशी ताईची श्रद्धा असल्यामुळं तिथं थांबलो. राणेबेन्नूरच्या पुढं हायवे सोडून होन्नाळीचा रस्ता धरला. हायवेनं तसंच सरळ गेलं असतं तर दावणगेरे लागलं असतं. त्या गावाजवळ ३० सप्टेंबर १९९० ला मोटार अपघातात शंकर नाग गेले. वय अवघं ३५. ‘मालगुडी डेज’चे पहिले ३९ भाग त्यांनीच दिग्दर्शित केलेले. या माणसाची सुरुवात मुंबईची, मराठी नाटकांतली. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात होता. भाऊ अनंत नाग यांचंही तेच, मुंबईच्या रंगभूमीवरून पडद्यावर. त्यामुळं मालगुडीच्या मुळाशी थोडी मुंबईची माती आहे असं म्हणायला मला तरी आवडतं.

शिमोग्यात शिरल्यावर पहिल्या सिग्नललाच पुढच्या रिक्षाच्या पाठीवर शंकर नाग दिसले. दाढी, चष्मा, हसरा चेहरा. १९८० साली त्यांनी पडद्यावर रिक्षावाला रंगवला, तेव्हापासून कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना जे उचललंय ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. कित्येक रिक्षास्टँड त्यांच्या नावानं आहेत. ताई म्हणाली, “अगं, इतकी वर्षं झाली जाऊन. आपल्याकडं कुणाचा फोटो असा टिकलाय?” मी म्हटलं, दादा कोंडके. त्यावर जेवणापर्यंत वाद चालला.

दिवस दुसरा : अरसाळू

सकाळी आयनूरवरून रिप्पनपेटेचा रस्ता धरला. शहर संपलं की लगेच मलनाड, म्हणजे सह्याद्रीकडचा डोंगराळ, पावसाळी मुलूख सुरू होतो. सुपारीच्या बागा, मधूनच साग, मधूनच भाताची खाचरं. डिसेंबर असल्यामुळं सुपारीचा हंगाम ऐन भरात होता. घराघरांपुढं सोललेली, उकडलेली सुपारी वाळत घातलेली, लालसर तपकिरी. या भागात सुपारी उकडून रंगवून वाळवतात, आपल्या कोकणासारखी नुसती उन्हात वाळवून सोलत नाहीत.

हा मुलूख कोल्हापूरकरांना एका वेगळ्या कारणासाठीही माहीत असायला हवा. १६८९ साली छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेषांतर करून जिंजीकडं निघाले, ते याच बाजूनं. केळदीच्या राणी चन्नम्मानं त्यांना आसरा दिला आणि त्यापायी औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला. वेषांतर या मातीला नवं नाही, असं मी ताईला ऐकवलं. तिला ते फारसं आवडलं नाही. “मालिका कुठं, महाराज कुठं,” म्हणाली.

अरसाळू हे शिमोगा-तळगुप्पा मार्गावरचं छोटं स्टेशन. तळगुप्पा म्हणजे या लाइनीचं शेवटचं टोक, जोगच्या धबधब्याला जाणारे तिथं उतरतात. मालिका झाली तेव्हा ही लाइन मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. रूळ बदलले, पण जुनी इमारत उभी राहिली आणि तिचंच नशीब उघडलं. दक्षिण-पश्चिम रेल्वेनं ती दुरुस्त करून २०२० साली तिथं मालगुडी संग्रहालय सुरू केलं. काम सोपवलं ते जॉन देवराज यांच्याकडं. मालिकेचे कलादिग्दर्शक तेच होते. ज्या माणसानं खऱ्या अरसाळूचं खोटं मालगुडी केलं, त्यालाच तीसेक वर्षांनी बोलावून सांगितलं की आता खोट्याचं खरं करून दे.

इमारत म्हणाल तर अगदी लहान. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, भिंतीत तिकिटाची खिडकी. आत मालिकेतल्या प्रसंगांची चित्रं, फोटो, पुतळे. आवारात रेल्वेचा जुना डबा आणून ठेवलाय. आमच्यासोबत बंगळुरूहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातला बाप मुलाला ओढून ओढून प्रत्येक चित्रापुढं नेत होता आणि मुलगा “स्वामी म्हणजे साधू का?” असं विचारत होता.

मला जास्त गंमत वाटली ती बाहेर. जुन्या इमारतीवर मालगुडी आणि चालू स्टेशनवर अरसाळू, अशा दोन्ही पाट्या हाकेच्या अंतरावर. तिकीट मात्र अरसाळूचंच काढावं लागतं.

नारायण यांनी लिहून ठेवलंय की १९३० च्या विजयादशमीला बंगळुरूत आजीच्या घरी ते वही उघडून बसले आणि मालगुडी त्यांना दिसलं ते आधी त्याच्या छोट्या स्टेशनसकट. म्हणजे गावात सगळ्यात आधी आलं ते स्टेशन. रस्ते, शाळा, नदी, देऊळ ही मंडळी मागाहून. त्यांच्या कथांमध्ये स्टेशन सारखं येतं: कुणी तिथं उतरतो आणि गावाची घडी विसकटते, कुणी तिथून पळून जातो. ‘द गाइड’ या त्यांच्या कादंबरीतला राजू तर स्टेशनवरच्या दुकानात लहानाचा मोठा होतो. त्यामुळं शंकर नाग यांना घर एखादवेळेस कसंही चाललं असतं, स्टेशन चुकून चाललं नसतं.

अरसाळू का, याबद्दल माझा तर्क साधा आहे. रोजच्या मोजक्या गाड्या, म्हणजे प्लॅटफॉर्म दिवसभर मोकळा. आजूबाजूला विजेचे मनोरे नाहीत, कारखान्याची चिमणी नाही, सिमेंटचं घर नाही. १९३० चं दशक दाखवायला झाकावं लागेल असं काहीच नाही. मालिकेचं बजेट बेताचं असलं की जागा निवडतानाच अर्धं नेपथ्य पदरात पाडून घ्यावं लागतं. कोल्हापुरात राहून एवढं तरी कळतं. आमच्याकडं कॅमेरा रंकाळ्यावर उभा राहिला की भेळवाला सांगतो, आज लाइट कुठून घेतलाय.

जुन्या प्लॅटफॉर्मच्या कडेला एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याशी गाठ पडली. माझी कन्नड गडहिंग्लजच्या आजोळची, मोडकीतोडकी. त्यांची हिंदी त्याहून बरी. शूटिंग त्यांनी तरुणपणी पाहिलेलं. आठवणीत राहिलेली गोष्ट कुठली, तर नट-नट्या नव्हेत. इंजिनवाल्याला सांगायचे, परत मागं घे, आणि गाडी पुन्हा तीच तीच येऊन थांबायची. “आमची गाडी वेळेवर एकदा येत नव्हती, यांच्यासाठी चारचारदा यायची,” असं म्हणून ते मनापासून हसले.

रिप्पनपेटेत जेवलो. लॉर्ड रिपनच्या नावाचं हे गाव अप्पेमिडी कैऱ्यांच्या लोणच्यासाठी ओळखलं जातं. बोटाएवढ्या अख्ख्या कैऱ्या, देठासकट, आणि वास असा की बरणी गाडीत ठेवली तर सीटकव्हरला लागतो. ताईनं दोन बरण्या घेतल्या. सीटकव्हर माझं.

संध्याकाळी तीर्थहळ्ळीवरून आगुंब्याला पोचलो. अंधारात काही दिसलं नाही. थंडी आणि रातकिड्यांचा आवाज तेवढा होता.

दिवस तिसरा : आगुंबे

आगुंबे सह्याद्रीच्या अगदी काठावर, साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. आपल्याकडचं आंबोली डोळ्यांपुढं आणा: तीच उंची, तोच पाऊस, घाटमाथ्याचं तेच धुकं. दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात याला. भोवती सदाहरित जंगल आणि त्यात नागराज. किंग कोब्राचा अभ्यास करण्यासाठी रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये इथं संशोधन केंद्र काढलं. गावात कुणाच्या परसात नागराज निघाला तर काठी शोधण्याआधी लोक केंद्राला फोन करतात, असं लॉजवाल्यानं सहज सांगितलं. मी बाथरूमचा कोपरा दोनदा बघून घेतला.

आणि हे गाव मालगुडी म्हणून उभं केलंय! मी नारायण यांची पुस्तकं नंतर, कॉलेजात वाचली, तेव्हाच मनात ठेच लागली होती. पुस्तकातलं मालगुडी हे मद्रास इलाख्यातलं सपाटीवरचं गाव आहे. उन्हाची काहिली, धुळीची मार्केट रोड, सरयू नदीचं कोरडं वाळवंट. संध्याकाळी लोक त्या वाळूत जाऊन बसतात. जंगल आहे, पण लांब, मेम्पीच्या डोंगरात. हिरवंगार, शेवाळलेलं, जांभ्याच्या भिंतींचं असं तिथं काही नाही. म्हणजे मालिकेतलं गाव पुस्तकातल्या गावासारखं मुळीच दिसत नाही. आणि तरी पडद्यावर ते खरं वाटलं, इतकं की आज पुस्तक उघडलं तरी माझ्या डोळ्यांपुढं आगुंबेच येतं. नारायण लिहितात धूळ, मला दिसतं कौल.

याचं कारण शोधायला दोड्डमनेसारखी जागा नाही. गावातला हा थोरला वाडा शंभराहून जास्त वर्षांचा. मालिकेत स्वामीचं घर हेच. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढल्या की लांबलचक ओटी, तिला इथं जगली म्हणतात. कोरीव लाकडी खांब, हातांनी गुळगुळीत झालेले. आत चौक, चौकाच्या चारी बाजूंनी उतरतं कौल, त्यामुळं पावसाचं पाणी चारी पाखांवरून मध्ये पडावं आणि वाहून जावं. माजघर, माळा, धान्याची खोली. घरातली मंडळी अजून तिथंच राहतात, येणाऱ्याला बसायला सांगतात, कषाय देतात. धणे-जिरे-मिरीचं गरम दूध म्हणा हवं तर. राहायची सोयही होते. दर ठरलेला नाही, जाताना आपल्या मनाला येईल ते ठेवायचं.

ताईनं मोबाइलवर मालिकेतलं एक दृश्य थांबवून धरलं आणि खांब मोजत ओटीभर फिरली. “हा! इथं आजी बसायची. हा खांब बघ, इथं वर नक्षी आहे ना, तीच.” तिथंच बसून तिनं फर्मान काढलं, “हे माझ्या सासरचं घर आहे.” ताईचं सासर देवरुखचं. “ओटी तीच, पडवी तीच, न्हाणीघराचा वास तोच. लहानपणी मला वाटायचं, मालगुडी कोकणात आहे. लांजा-राजापूरच्या पुढं कुठंतरी.”

तिचं एकटीचं नव्हतं हे वाटणं. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना मालगुडी कोकणातलं वाटायचं. आणि तेच या वेषांतराचं यश आहे, असं मला त्या ओटीवर बसून वाटलं. कन्नड नट, तमिळ वळणाची कथा, इंग्रजीत लिहिलेली, हिंदीत बोललेली. स्वामीचे वडील गिरीश कार्नाड, आई वैशाली कासरवळ्ळी, स्वामी मास्टर मंजुनाथ. यातलं कुणी कुठलं, हे पुण्या-मुंबईच्या मुलाला ठाऊक नव्हतं आणि त्याला फरकही पडत नव्हता. कारण घर ओळखीचं होतं. पश्चिम किनाऱ्याच्या पावसानं कोकणापासून केरळपर्यंत घरांना एकच वळण लावलंय: तीव्र उताराचं छप्पर, खोल ओटी, आतला चौक. तंजावरकडचं गच्चीचं, चपट्या छपराचं घर दाखवलं असतं तर पुस्तकाला धरून झालं असतं, पण आम्हाला ते परक्याचं वाटलं असतं. पुस्तकाशी प्रामाणिक राहून गाव शोधलं असतं तर ही मालिका एवढी आपली झाली नसती, असं माझं ठाम मत आहे. ताईला हे पटत नाही. तिच्या मते कार्नाड असते तर चाळीत शूटिंग केलं असतं तरी चाललं असतं.

मुख्य रस्त्यावरून दिवसभर रेंगाळलो. डांबर, तारा, मोबाइल कंपन्यांच्या पाट्या यांतून जुनी चौकट शोधायला जरा वेळ लागतो. युक्ती अशी की माणसाच्या उंचीच्या वर आणि कौलांच्या खाली जो पट्टा आहे, त्याच्याकडं बघायचंच नाही. त्या पट्ट्यात सगळं बदललंय, छपरांची रेघ मात्र बऱ्याच ठिकाणी तीच. आणि एकदा नजर बसली की मालिकेतल्या चोऱ्याही दिसायला लागतात. मालगुडीच्या घरांमागं सुपारीची झाडं डोकावतात. भिंतीच्या पायथ्याला शेवाळाचा काळा पट्टा आहे, तो सपाटीवरच्या गावात कुठून येणार? आणि पडद्यावर सतत पडलेलं ते छान ऊन म्हणजे आगुंब्याच्या वर्षातल्या मोजक्या महिन्यांची कमाई. जून ते सप्टेंबर इथं छत्री उघडता येत नाही, कॅमेरा कोण उघडतो!

एका गोष्टीचं श्रेय मात्र आगुंब्याला देता येत नाही. मालिकेच्या सुरुवातीची रेखाचित्रं आर. के. लक्ष्मण यांची, नारायण यांच्या धाकट्या भावाची. मालगुडीची माणसं कशी दिसतात हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी त्यांनीच ठरवून टाकलं होतं. भावाच्या कथांना ते तरुणपणापासून चित्रं काढत. उभी हयात मुंबईत व्यंगचित्रं काढली आणि २०१५ साली गेले ते पुण्यात.

दुपारी जेवायला नीर डोसे आणि पत्रोडे. ताईनं पत्रोडे चाखून “आपल्या अळूवडीची मावशी” असं जाहीर केलं आणि आणखी एक प्लेट मागवली.

दुकानात बिस्किटं घेताना दुकानदाराला विचारलं, मालिकेमुळं अजून लोक येतात का? येतात, म्हणाला, पण आता त्यांचे आईवडील त्यांना घेऊन येतात. आमच्याकडं वसगड्याला ‘तुझ्यात जीव रंगला’चा वाडा बघायला गाड्याच्या गाड्या लोटायच्या, ते आठवलं. मालिका चालू असताना गर्दी होणं वेगळं आणि संपून तीन दशकं झाल्यावर ओटीवर येऊन कुणी खांब मोजणं वेगळं.

दिवस चौथा : घाट आणि परत

सकाळी सूर्यास्त पॉइंटला गेलो. वेळ चुकीची आहे हे माहीत होतं, पण हवा स्वच्छ असेल तर तिथून अरबी समुद्र दिसतो असं ऐकलेलं. धुकं दिसलं. मग घाट उतरून सोमेश्वरपर्यंत जाऊन परत आलो. चौदा केसपिना वळणं, एकेक अशी की समोरून मिनीबस आली तर दोघांपैकी एकानं श्वास रोखून मागं व्हायचं. मोठ्या बसला हा घाट नाही. माकडं कठड्यावर ओळीनं बसलेली, गाड्यांची परीक्षा घेतल्यासारखी.

तीर्थहळ्ळीत तुंगेच्या पुलावर थोडं थांबलो. पाणी काळ्या खडकांमधून वाहत होतं. सरयूची वाळू इथंही नव्हती. संध्याकाळी शिमोग्यात गाडी लॉजच्या आवारात लावून टाकली, कारण उद्या रेल्वेनं जायचं होतं.

दिवस पाचवा : रेल्वेनं म्हैसूर

तळगुप्प्याहून निघणारी गाडी अरसाळू, शिमोगा, भद्रावती, बिरूर, अर्सीकेरे, हासन असं करत म्हैसूरला जाते. नारायण यांचं घर ज्या शहरात, तिथून निघणारी गाडी मालगुडीच्या स्टेशनावरून धावते. मालिकेनं हे जुळवून आणलं नाही, रेल्वेनंही नाही, जुळलंय खरं. आम्ही उलट्या दिशेनं, स्टेशनाकडून लेखकाकडं निघालो होतो.

डब्यात समोर एक गुजराती जोडपं होतं, वलसाडकडचं. कुठून आलात, कशाला आलात झालं. ताईनं सांगितल्यावर काका म्हणाले, मग आमच्याकडं या, अयोध्या दाखवतो. उंबरगाव! रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका तिथं चित्रित झाली. अयोध्या, मिथिला, लंका, सगळं समुद्रकाठच्या त्या एका गावात. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, हे मी सांगितलं तेव्हा काकांनी चमकून बघितलं. म्हणजे आमची अयोध्या तुमची? म्हटलं, राहू द्या तुमच्याकडंच, आमच्याकडं पंचवटी आहे.

हासनच्या पुढं सपाट प्रदेश सुरू झाला. नारळ, ऊस, भात, अधूनमधून चपट्या छपरांची घरं. ताई खिडकीतून बघत होती. बराच वेळानं म्हणाली, “हे जास्त मालगुडी आहे.” मी काही बोलले नाही. एवढा मोठा विजय मिळाल्यावर गप्प बसावं.

दिवस सहावा : यादवगिरी

यादवगिरीतलं नारायण यांचं घर आता स्मारक आहे. २०११ मध्ये ते पाडायला सुरुवात झाली होती. ओरड झाली, पाडकाम थांबलं, महानगरपालिकेनं घर विकत घेऊन दुरुस्त केलं आणि २०१६ साली लोकांसाठी उघडलं. त्यावरही वाद झालाच, की इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या घरावर सरकारी पैसा का. पांढरं दुमजली घर, एका बाजूला अर्धगोल फुगवटा. आत फोटो, मानपत्रं, पुस्तकं, कपडे, चष्मा.

वरच्या अर्धगोल खोलीत ते लिहायला बसत. आठ खिडक्या. चामुंडीचा डोंगर, झाडं, रस्ता, सगळं दिसावं म्हणून हौसेनं बांधलेली. आणि मग त्यांच्याच सांगण्यानुसार ते दृश्य इतकं गुंतवायला लागलं की लिहिणं होईना. शेवटी खिडकीला पडदा लावला, समोर काहीच आकर्षक दिसू नये म्हणून. गाव बघून लिहिणारा हा माणूसच नव्हता. ‘द गाइड’ तर त्यांनी अमेरिकेत बर्कलेच्या हॉटेलात बसून लिहिली.

‘गाइड’वरून सिनेमा निघाला त्याची कथा या सहलीत सांगायलाच हवी. सिनेमावाल्यांनी नारायण यांना सोबत घेऊन म्हैसूरच्या आसपासच्या जागा बघितल्या: नदीकाठ, देवळं, खेडी. नारायण यांना वाटलं, मालगुडी मिळालं. प्रत्यक्षात १९६५ चा तो चित्रपट उदयपूर-चित्तोडला फिरून आला. रंगीत पडद्याला भव्य काहीतरी हवं होतं. राजूचं आडबाजूचं गाव राजवाडे आणि किल्ले यांच्यामध्ये हरवलं. नारायण यांनी त्यावर पुढं एक लेख लिहिला, वरून विनोदी आणि आतून खट्टू. सिनेमा मला अतिशय आवडतो, गाणी तर विचारूच नका. पण मालगुडी त्यात नाही, हे नारायण यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. म्हणजे फसवी जागा निवडली म्हणून बिघडत नाही. आगुंबेही फसवंच. राजस्थान बघून डोळे दिपतात, आगुंबे बघून आपलं घर आठवतं, एवढाच काय तो हिशेब.

दुपारी कुक्करहळ्ळी तळ्यावर गेलो. नारायण यांची फिरायची जागा. तळ्याकाठी एक आजोबा हातात काठी घेऊन झपाझप फेऱ्या मारत होते. ताईनं तिच्या खास हिंदीत त्यांना अडवलं आणि सरळच विचारलं की तुमच्या मते मालगुडी कुठं. आजोबा थांबले. इंग्रजीत म्हणाले, मालिका मीही पाहिली, छान होती, पण फार हिरवी. मग काठी दक्षिणेकडं करून म्हणाले, “नंजनगूड. देऊळ आहे, बाजार आहे, नदी आहे. जाऊन बघा.”

नदी म्हणजे कपिला. वाळू असेल का, हे ताईनं विचारेपर्यंत आजोबा पुढच्या वळणाला पोचले होते. आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती आणि नंजनगूड म्हैसूरपासून तासाभराच्याही आत. ताई रिक्षावाल्याकडं वळली. रिक्षाच्या आत, आरशावर, शंकर नाग होते. “बस स्टँड,” ती म्हणाली, “नंजनगूडची गाडी लागते तिकडं.”